काटा चालू ठेवून प्लग-इन कसं बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. काट्यांचे इंडिकेटर (वजन दाखवून ते संगणकाला पाठवणारे डबे) वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून प्रत्येक कंपनी आपापलं प्लग-इन, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरला जोडायचा कोडचा तुकडा, लिहून पाठवते. गळीत हंगामात काटा चोवीस तास चालतो, सॉफ्टवेअर बंद ठेवायची सोय नाही. तर १) चालू प्रोग्राममध्ये बाहेरचं प्लग-इन कसं घ्यायचं, २) त्याचं नवं व्हर्जन आलं तर प्रोग्राम न थांबवता कसं बदलायचं, ३) प्लग-इनने आमच्या डेटाबेसला हात लावू नये म्हणून काय करायचं?

पहिला प्रश्न दहा ओळींच्या कोडचा आहे. दुसऱ्याचं खरं उत्तर "एकाच प्रोसेसमध्ये ते धडपणे होत नाही" हे आहे, आणि तिसऱ्याचंही तेच. (प्रोसेस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमने वेगळी मेमरी देऊन चालवलेला एक प्रोग्राम.) त्यामुळे आधी पहिलं उरकतो, मग दुसऱ्यात गाडी कुठे रुतते ते दाखवतो. तिथून जो रस्ता निघतो, त्यावर तिसराही सुटतो.

सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे प्लग-इनचं फोल्डर सिस.पाथमध्ये, म्हणजे पायथन जिथे कोड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, ढकलायचं आणि इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूलला नाव देऊन मोकळं व्हायचं. मीही तेच केलं होतं. एका कारखान्यात दोन काटे, दोन कंपन्यांचे. दोन्ही प्लग-इनमध्ये यूटिल्स.पाय नावाची फाइल, आणि दोन्हींत पार्स नावाचं फंक्शन. (तिसरी कंपनी असती तर तिच्याकडेही यूटिल्स.पायच असती, याबद्दल मला शंका नाही.) पहिल्या कंपनीचा इंडिकेटर सीरियल पोर्टवर आकडे उलटे पाठवायचा, एकक आधी. म्हणून तिचं पार्स फंक्शन आकडे फिरवून घ्यायचं. दुसरा इंडिकेटर सरळ पाठवायचा. पायथनने पहिलं प्लग-इन लोड करताना त्याची यूटिल्स सिस.मॉड्यूल्समध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदवहीत, नोंदवली. दुसऱ्या प्लग-इनने "इम्पोर्ट यूटिल्स" म्हटलं तेव्हा पायथनने फाइल शोधलीच नाही, नोंद असलेली तयार यूटिल्स हातात ठेवली. एरर नाही, वॉर्निंग नाही. १८६४० किलोची गाडी ४६८१ किलो दिसायला लागली.

काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे शेवटचा आकडा कायम शून्य. उलटं केल्यावर ते शून्य पुढे जातं, म्हणून दुसऱ्या काट्यावरची एकूण एक गाडी दहा टनांच्या आत. काटा क्लार्कचा फोन आला, "साहेब, आज सगळे ट्रॅक्टर रिकामेच आलेत का?" गंमत म्हणजे आमच्या टेस्टच्या मशीनवर दुसरा काटा ठणठणीत होता आणि बिघडायचा तो पहिला. ओएस.लिस्टडिर फायली कोणत्या क्रमाने देईल याची पायथन हमी देत नाही. तिथे दुसरं प्लग-इन आधी लोड होत होतं, एवढाच फरक. तो शोधायला दीड दिवस गेला.

तेव्हा सिस.पाथला हात न लावता करा. इम्पोर्टलिब.यूटिलमधलं स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन वापरा. त्याला दोन गोष्टी लागतात: मॉड्यूलचं नाव आणि फाइलचा पूर्ण मार्ग. नाव तुम्ही ठरवायचं, कंपनीने नाही. "काटा_प्लगइन_" हा उपसर्ग, पुढे प्लग-इनचा आयडी. प्रत्येक प्लग-इन हे __इनिट__.पाय असलेलं पॅकेजच हवं आणि आतल्या फायली "फ्रॉम . इम्पोर्ट यूटिल्स" अशा टिंब लावूनच घ्यायच्या, ही अट कंपनीला लेखी द्या. मग दोघांच्या यूटिल्स आपापल्या आडनावाखाली राहतात. त्यातून स्पेक (मॉड्यूल कुठून, कसं लोड करायचं याचा तपशील) मिळालं की मॉड्यूल_फ्रॉम_स्पेकने रिकामं मॉड्यूल बनवायचं, ते सिस.मॉड्यूल्समध्ये स्वतः नोंदवायचं, आणि मग स्पेक.लोडर.एक्झेक_मॉड्यूल.

नोंदवण्याची पायरी लोक गाळतात, कारण ती गाळली तरी बहुतेक वेळा चालतं. चालत नाही तेव्हा मात्र भलतीकडेच बोट दाखवतं. प्लग-इनमध्ये डेटाक्लास (माहिती साठवायचा पायथनचा तयार साचा) आहे आणि वर __फ्यूचर__ मधून अ‍ॅनोटेशन्स इम्पोर्ट केलं आहे, असं धरा. डेटाक्लास आपलं मॉड्यूल सिस.मॉड्यूल्समध्ये शोधतो, तिथे काहीच नसतं, आणि "नन-टाइपला __डिक्ट__ नाही" अशी एरर पायथनच्या स्वतःच्या डेटाक्लासेस.पाय फाइलमधून येते. ती पाहून कोणालाही वाटेल की पायथनच बिघडलं. नोंद एक्झेकच्या आधीच करा, आणि एक्झेक फसलं तर ती काढून टाका. नाहीतर अर्धवट मॉड्यूल तिथे बसून राहतं आणि पुढच्या वेळी तेच मिळतं.

एक्झेकला ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवतानाही "एक्सेप्ट एक्सेप्शन" पुरत नाही. मी पाहिलेल्या एका प्लग-इनमध्ये पोर्ट सापडला नाही तर फाइलच्या वरच्याच पातळीवर सिस.एक्झिट होतं. सिस्टमएक्झिट हा एक्सेप्शनचा वंशज नाही, तो बेसएक्सेप्शनचा आहे. म्हणजे एका कंपनीची केबल निघाली की तुमचं अख्खं सॉफ्टवेअर नम्रपणे बंद.

जुन्या कोडमध्ये इम्प.लोड_सोर्स असेल तर ते विसरा. इम्प हे मॉड्यूल पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, काढून टाकलं आहे. आणि प्रोग्राम चालू असताना फोल्डरमध्ये नवी फाइल टाकून साध्या इम्पोर्टने घेणार असाल तर आधी इम्पोर्टलिब.इनव्हॅलिडेट_कॅशेस बोलवा. पायथन फोल्डरची यादी लक्षात ठेवतं, त्यामुळे नुकतीच आलेली फाइल त्याला कधीकधी दिसत नाही.

एंट्री पॉइंट्स, म्हणजे आपल्यात कोणतं प्लग-इन आहे याची इन्स्टॉल केलेल्या पॅकेजने करून ठेवलेली नोंद, वापरावेत का? प्रोग्राम सुरू होताना प्लग-इन शोधायचे असतील तर जरूर. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलची प्लग-इन्स तशीच सापडतात, आणि पायथन ३.८ पासून इम्पोर्टलिब.मेटाडेटा हाताशी असल्यामुळे त्यासाठी वेगळं काही लागत नाही. प्लग-इन इम्पोर्ट न करताच त्याचं नाव कळतं, हा त्याचा मोठा फायदा. पण एंट्री पॉइंट म्हणजे पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने, इन्स्टॉल करणं आलं, आणि चालू प्रोग्रामच्या पायाखालच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (त्याच्या लायब्ररींच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) पिप चालवू नका. पिप प्लग-इनसोबत एखादी सामाईक लायब्ररी बदलून टाकतो. तिची अर्धी मॉड्यूल्स आधीच मेमरीत असतात, जुनी. उरलेली अर्धी एखाद्या फंक्शनच्या पोटातल्या इम्पोर्टने रात्री दोन वाजता येतात, नवी. त्या दोघांचं जमत नाही.

आता दुसरा प्रश्न. इम्पोर्टलिब.रीलोड आहेच की, असं तुम्ही म्हणाल.

रीलोड काय करतं ते नीट पाहा. ते जुनं मॉड्यूल फेकत नाही. त्याच मॉड्यूलच्या त्याच डिक्शनरीत नवी फाइल पुन्हा चालवतं. नव्या फाइलमध्ये जी नावं आहेत ती बदलतात, जी नाहीत ती जुनीच राहतात. काटा नावाचा क्लास नव्याने तयार होतो, पण आधी बनवलेले ऑब्जेक्ट जुन्या काटा क्लासचेच असतात. मग आयझइन्स्टन्स विचारलं की उत्तर येतं, नाही. दोघांचा टाइप प्रिंट केला तर अक्षर न अक्षर सारखं. आयडी विचारल्याशिवाय कळत नाही की हे एका नावाचे दोन वेगळे क्लास आहेत. तुमच्या प्रोग्रामने सुरुवातीला "फ्रॉम प्लगइन इम्पोर्ट वाचा" असं घेतलं असेल तर तुमच्या हातात जुनं "वाचा" आहे, आणि रीलोडला त्याची खबरही नाही. शिवाय रीलोड फक्त त्या एका मॉड्यूलपुरतं. त्याची यूटिल्स जशीच्या तशी जुनी.

हे सगळं सांभाळता येईल असं क्षणभर धरू. पण प्लग-इनने थ्रेड (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) सुरू केला असेल तर? काट्याचं प्लग-इन तो करतंच. सीरियल पोर्टवर कान लावून बसायला कोणीतरी लागतं. रीलोडनंतर तो थ्रेड जुना कोड चालवत राहतो आणि पोर्ट धरून बसतो. नवं प्लग-इन पोर्ट उघडायला जातं, विंडोज सांगतं, परवानगी नाही. थ्रेडला बाहेरून मारायची सोय पायथनमध्ये नाही. तसंच लॉगिंगचं. प्लग-इन वरच्या पातळीवर लॉगला हँडलर जोडत असेल तर प्रत्येक रीलोडला एक हँडलर वाढतो. लॉगमध्ये एकच ओळ चार-चारदा दिसली की आम्ही ओळखायचो, सकाळपासून तीन रीलोड झाले. अगदी अचूक मोजमाप.

सिस.मॉड्यूल्समधून नाव काढलं म्हणजेही प्लग-इन बाहेर गेलं असं नाही. तुम्ही फक्त हजेरीपुस्तकातलं नाव खोडलं, मुलगा वर्गातच बसलाय. जोवर कुठल्यातरी कॉलबॅकच्या यादीत, थ्रेडमध्ये, कॅशमध्ये त्याचा धागा अडकला आहे, तोवर कोड मेमरीत राहतो. सी भाषेत लिहिलेलं एक्स्टेन्शन तर एकदा आलं की प्रोसेस मरेपर्यंत सोडत नाही. विंडोजवर त्याची पीवायडी फाइल प्रोग्राम चालू असताना डिलीटसुद्धा होत नाही.

एक बारीक सापळा खास नोंदवतो, कारण तो माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावतो. कंपनीने बॉड रेट (पोर्टवरचा डेटाचा वेग) ९६०० चा ४८०० करून झिप पाठवली. फाइल उघडून पाहिली, ४८०० लिहिलंय. प्रोग्राम मात्र ९६०० नेच पोर्ट उघडतोय. पायथन पायकॅश फोल्डरमधली बाइटकोड फाइल (आधीच भाषांतर करून ठेवलेला कोड) जुनी झाली की नाही हे ठरवताना मूळ फाइलच्या दोनच गोष्टी बघतं: बदलाची वेळ, तीही सेकंदात, आणि आकार. चार आकड्यांच्या जागी चार आकडे, आकार तोच. आणि त्या कंपनीचं बिल्ड टूल झिपमधल्या प्रत्येक फाइलवर १ जानेवारी १९८० ही एकच तारीख मारायचं. आमची अनझिपची कमांड ती तारीख इमानेइतबारे जपायची. वेळ तीच, आकार तोच, म्हणून पायथनने जुनाच बाइटकोड चालवला. तेव्हापासून मी नव्या व्हर्जनला नवं फोल्डर देतो, जुन्यावर कधीच उघडत नाही. फोल्डरच्या नावात व्हर्जन घातलं की हा प्रश्नच उरत नाही. फोल्डर आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण भरायचं आणि मग नाव बदलायचं. म्हणजे अर्धी कॉपी झालेली फाइल प्रोग्रामच्या तोंडी लागत नाही.

मोठ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यातून काय वाट काढली, हे पाहण्यासारखं आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लग-इनला इनिटजीयूआय आणि अनलोड अशी दोन फंक्शन्स द्यावी लागतात, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रजिस्टर आणि अनरजिस्टर. म्हणजे बाहेर पडताना आपला पसारा आवरायची जबाबदारी प्लग-इन लिहिणाऱ्यावर. लिहिणारा नीटनेटका असेल तर छान चालतं. विसरला, तर मेनूत एक भुताचं बटण मागे राहतं, दाबलं की एरर. नकाशावर काम करणारा वैतागून प्रोग्राम बंद-चालू करतो, फारसं बिघडत नाही. अंकी (फ्लॅशकार्डचा प्रोग्राम) वगैरे सरळ सांगतात, रीस्टार्ट करा. माझ्या मते ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरने निराळा मार्ग धरला: तिसऱ्या व्हर्जनपासून प्लग-इन्स प्लगइन_होस्ट नावाच्या स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतात. प्लग-इन कोसळलं तरी एडिटरमधला मजकूर शाबूत. पुढे चौथ्या व्हर्जनमध्ये पायथन ३.३ आणि ३.८ असे दोन होस्ट शेजारी-शेजारी ठेवता आले, तेही यामुळेच.

तुम्हाला हाच मार्ग घ्यावा लागेल. प्रोग्राम रीस्टार्ट करता येत नाही ना? मग ज्याला रीस्टार्ट करायचं ते प्रोग्रामच्या बाहेर ठेवा. प्रत्येक प्लग-इनला स्वतःची प्रोसेस, स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. एका कंपनीला सीरियल लायब्ररीचं जुनं व्हर्जन हवं आणि दुसरीला नवं, हे भांडण तिथेच मिटतं. एका प्रोसेसमध्ये ते मिटण्यासारखं नव्हतंच, कारण एका नावाची सिस.मॉड्यूल्समध्ये एकच नोंद. पायथनची मोकळी प्रोसेस दहा-पंधरा एमबी खाते. चार काट्यांना चार प्रोसेस म्हणजे ब्राउझरचा एक टॅबसुद्धा नाही.

सबप्रोसेस.पोपेनने एक छोटा यजमान प्रोग्राम सुरू करायचा. पहिल्या भागात सांगितलेलं लोडिंग आता त्याच्या आत. तुमच्याशी बोलणं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, एका ओळीत एक जेसन (नाव आणि त्याची किंमत साध्या मजकुरात लिहायची पद्धत). प्लग-इन सुरू होताच पहिली ओळ पाठवतं: माझं नाव, माझं व्हर्जन, मी तुमच्या कराराची (कोणी काय पाठवायचं याच्या ठरलेल्या नियमांची) कितवी आवृत्ती पाळतो. पाच सेकंदांत ही ओळ आली नाही तर प्लग-इन नापास. मग दर सेकंदाला वजन, आणि वजन नसेल तर नुसता "जिवंत आहे" असा निरोप. तो थांबला की टर्मिनेट, ऐकलं नाही तर किल, आणि पुन्हा सुरू. थ्रेडला मारता येत नाही, प्रोसेसला येतं, आणि तिने धरलेला पोर्ट ऑपरेटिंग सिस्टम स्वतः सोडवून घेते. आपल्याला हवं होतं ते अनलोड हेच.

नवं व्हर्जन आलं की ते शेजारच्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या एन्व्हायर्नमेंटसह तयार ठेवा. पोर्ट न उघडता चालवून पहिली ओळ येते का ते तपासा. मग काट्यावर गाडी नाही असं पाहून जुनी प्रोसेस थांबवा, नवी सोडा. पोर्ट एकच, त्यामुळे दोघं एकाच वेळी चालू ठेवता येणार नाहीत. मधे एक-दोन सेकंदांची फट पडते. तेवढ्यात उसाची ट्रॉली काट्यावरून खालीही उतरत नाही. नव्याने पहिल्या मिनिटात तीनदा मान टाकली तर जुन्या फोल्डरवर परत जा, आणि क्लार्कला स्क्रीनवर तसं दिसू द्या.

यात दोन ठिकाणी हात भाजतात. पहिलं, कंपनीचा प्रोग्रामर डीबग करताना टाकलेला प्रिंट काढायला विसरतो, आणि तुमच्या जेसनच्या ओळींमध्ये "हिअर १" असं काहीतरी येऊन पडतं. यजमान प्रोग्राममध्ये प्लग-इन लोड करण्याआधीच खरा स्टँडर्ड आउटपुट ओएस.डुपने बाजूला काढून ठेवा आणि सिस.एसटीडीआउटला सिस.एसटीडीईआरआरकडे, म्हणजे एरर लिहायच्या वाटेकडे, वळवा. मग त्याला हवं तितकं प्रिंट करू दे. दुसरं, तो एसटीडीईआरआर पाइपमध्ये घेतलात आणि वाचायला कोणी ठेवलं नाहीत, तर लिनक्सवर पाइप साधारण ६४ केबीला भरतो आणि प्लग-इन लिहिता लिहिता थिजतं. आमच्याकडे हे दर नऊ-दहा तासांनी व्हायचं. सगळ्यांना वाटायचं की इंडिकेटर तापतोय. कोणीतरी त्याच्यावर टेबलफॅनसुद्धा लावला होता. तो पाइप थेट लॉगच्या फाइलकडे वळवला आणि पंखा ऑफिसात परत गेला.

मल्टिप्रोसेसिंगची क्यू इथे टाळा. ती पिकल, म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे पाठवायची पद्धत, वापरते, आणि परक्याकडून आलेलं पिकल उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या घरात चालवणं. जेसनमध्ये फक्त मजकूर आणि आकडे येतात, तेवढंच हवंय.

कराराचं एक: फंक्शनला पुढे नवे आर्ग्युमेंट द्यावे लागणार हे आजच गृहीत धरा. पायटेस्टच्या पोटातली प्लगी ही लायब्ररी हे सुरेख सांभाळते. प्लग-इनच्या फंक्शनने ठरलेल्यांपैकी कमी आर्ग्युमेंट घेतले तरी ती चालवून घेते, त्यामुळे मूळ प्रोग्रामने नवा आर्ग्युमेंट वाढवला म्हणून जुनी प्लग-इन्स मोडत नाहीत. जेसनमध्ये हाच नियम: अनोळखी की (म्हणजे नाव) दिसली तर दुर्लक्ष करायचं, ओरडायचं नाही.

तिसरा प्रश्न, डेटाबेसचा. एकाच प्रोसेसमध्ये पायथन कोडला बांधून ठेवता येत नाही. प्रयत्न फार जुने आहेत. रेक्झेक नावाचं मॉड्यूल खास यासाठी होतं, ते पायथन २.३ मध्ये, म्हणजे २००३ साली, असुरक्षित म्हणून बंद केलं. पुढे पायसँडबॉक्स आलं, आणि २०१३ मध्ये त्याच्या लेखकानेच जाहीर केलं की ही रचनाच मुळात सदोष आहे. कारण साधं आहे: रिकाम्या टपलच्या क्लासवरून त्याच्या पूर्वजाकडे आणि तिथून खाली मेमरीतल्या सगळ्या क्लासेसकडे जाता येतं. ओपन काढून घ्या, इम्पोर्ट काढून घ्या, वाट सापडतेच. ३.८ मधले ऑडिट हुक (कोड काय करतोय याची खबर देणारी सोय) नोंद ठेवायला चांगले, कुंपण म्हणून नाही. ३.१४ मध्ये सबइंटरप्रिटर्सचं (एकाच प्रोसेसमध्ये अनेक पायथन चालवायचं) मॉड्यूल आलंय, तेही यावर औषध नाही. मेमरी एकच, सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोसेस कोसळणं) झाला तर सगळेच जातात.

आता प्लग-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये आहे म्हटल्यावर कुंपण ऑपरेटिंग सिस्टमचं लावा. प्लग-इनसाठी वेगळा युजर करा. त्याला सीरियल पोर्ट आणि स्वतःचं फोल्डर, बाकी काही नाही. लिनक्सवर पोपेनला ३.९ पासून युजर हा आर्ग्युमेंट देता येतो, पण मूळ प्रोग्रामला तेवढे अधिकार हवेत. नसतील तर सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामकडून चालवा. कंपनीने झिपसोबत पाठवलेला शा-२५६ (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) आधी ताडून पाहा, आणि तो आकडा झिपच्याच मेलमध्ये नको, वेगळ्या वाटेने मागवा.

आणि सगळ्यात आधी हे तपासा: तुमचा डेटाबेसचा पासवर्ड बहुधा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असेल. पोपेन असे सगळे व्हेरिएबल मुलाच्या, म्हणजे त्याने सुरू केलेल्या प्रोसेसच्या, हवाली करतं. म्हणजे युजर वेगळा, फोल्डर वेगळं, आणि चावी मात्र खिशात घालून पाठवलेली. एन्व्ह हा आर्ग्युमेंट स्वतः भरा, मोजक्याच गोष्टी द्या. विंडोजवर त्यात सिस्टमरूट ठेवायला विसरू नका, नाहीतर पायथनच धड सुरू होणार नाही आणि तुम्ही दोष प्लग-इनला देत बसाल.